दहातली दोन काडतुसं

विद्यानगर, हैदराबाद
१२ सप्टेंबर २०२५

चि. हर्षवर्धन यास,

तुझ्या आजीचं नाव भामा. केशवरावांची बायको, हिम्मतरावाची आई, म्हणजे तुझ्या बापाची. हे आधी लिहून घेतलं, कारण दोन वर्षांत तू विसरला असशील आणि पाकीट फोडून म्हणशील, कोण ही म्हातारी? लहानपणी पाढे विसरायचास, चपला विसरायचास, एकदा कोठी भागातल्या पुस्तकांच्या बाजारात दप्तरच ठेवून आलास. तेव्हा तुला कोणी बोललं नाही. पण चपला विसरणं वेगळं आणि आजीला विसरणं वेगळं, बाबा.

सांगतेय मी, लिहितेय वरच्या मजल्यावरची सुजाता. ती दवाखान्यात रोग्यांचे कागद लिहिते, तेव्हा अक्षर चांगलं असावं. मला तर मुंग्यांची रांग दिसते. तुलाही मराठी अडखळतच वाचता येतं, म्हणून तिला बजावलंय की अक्षरं मोठी काढ आणि जोडाक्षरं बेतानं घाल. मला लिहिता येत नाही आणि तुला वाचता येत नाही, तरी पत्र चाललंय पुण्याला. फोन केला की तू कापतोस. कागद फाडायचा झाला तरी माणूस आधी एकदा बघतो, म्हणून कागद.

घरचं सांगते. तुझी आई मीना गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि अर्धा तास येत नाही. कपडे चार असतात. ती तुझ्याशी बोलते हे मला माहीत आहे, तुझ्या बापालाही माहीत आहे, आणि आम्ही दोघंही कपड्यांबद्दल काही विचारत नाही.

तुझा बाप कोठीतल्या एका दवाखान्याच्या फाटकावर उभा असतो, हातात काठी घेऊन. त्याच रस्त्यावर तो अकरा वर्षं सोन्याच्या दुकानासमोर बसायचा, मांडीवर दोन नळीची बंदूक. तेव्हा येणारेजाणारे त्याला हिम्मतराव साब म्हणायचे. आता म्हणतात, ओ वॉचमन, गाडी कुठं लावू? दुकान तेच आहे, रस्ता तोच आहे. तो दुकानाच्या बाजूनं जात नाही, पलीकडून वळसा घेऊन जातो. मीनानं पाहिलं.

तो दिवस तू विसरला नसशील. दोन वर्षांमागची निवडणूक. सगळ्या लायसनवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करा, निकाल लागल्यावर घेऊन जा, असा हुकूम निघाला. बँकेच्या गार्डांना सूट होती, सोनारांच्या गार्डांना नव्हती. सर्वपित्रीच्या दिवशी, म्हणजे घट बसायच्या आदल्या दिवशी, तुझा बाप बंदूक आणि काडतुसांचा डबा घेऊन गेला. लायसनच्या वहीत दहा काडतुसांची नोंद होती, म्हणून त्यानं अर्जात दहा लिहिली आणि सही केली. तिथल्या माणसानं डबा उघडून मोजली तर आठ.

पुढचं तू अंगावर झेललंस. आठवडाभर आधी तू बापाची बंदूक खांद्यावर घेऊन फोटो काढला होतास आणि मित्रांना पाठवला होतास, म्हणून तो तुझ्यावर आधीच तापलेला होता. लायसन एकाचं आणि बंदूक दुसऱ्याच्या हातात, एवढ्यानंही माणूस अडकतो, हे त्यानं तुला तेव्हाच सांगितलं होतं. ठाण्यातून आला तो सरळ तुझ्यासमोर. तू म्हणालास, मी नाही घेतली. तो म्हणाला, मग काय आजीनं घेतली? आणि फाटकाशी, सगळ्या गल्लीसमोर, बावीस वर्षांच्या पोराला त्यानं मारलं.

मी ओसरीत होते. घटाची माती चाळत होते. माझे दोन्ही हात मातीत होते.

एवढंच सांगायचं होतं. बापाला एक फोन कर. तो बोलणार नाही, नुसता श्वास ऐकू येईल, तरी कर. आणि मला श्रीखंडाच्या वड्या पाठव. बाकरवडी नको. ती तुझा बाप खातो, मला दात नाहीत.

आजी


१९ सप्टेंबर २०२५

हर्षा,

तुझा निरोप सुजाताच्या फोनवर आला. तिनं मला तीन वेळा ऐकवला. पहिल्यांदा मी नुसता आवाज ऐकला, जाड झालाय तुझा. दुसऱ्यांदा शब्द ऐकले. ज्यानं चोर म्हटलं त्यानं आधी बोलावं, असं म्हणालास. बरोबर आहे. वड्यांचं मात्र काहीच बोलला नाहीस. हौला कुठला, अगदी खुळा.

तुझ्या बापाला वरच्या कचेरीतून कागद आला आहे. लायसन रद्द झालं, त्यावर त्यानं दाद मागितली होती ना, तिची तारीख लागली. तेरा ऑक्टोबर. जी दोन काडतुसं भरत नाहीत ती कुठं गेली हे सांगता आलं तर विचार करू, नाही तर लायसन कायमचं गेलं. तो चोपन्न वर्षांचा आहे. या वयात एकदा लायसन गेलं की परत कोण देतो? ते नाही तर गार्डाची नोकरी नाही. त्यानं कागद चार वेळा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि जेवायला बसला. जेवला नाही. मला म्हणाला, आई, मी काय सांगू त्यांना? पोरानं नेली म्हणून सांगू? तेवढं तो अजून कुठंही बोललेला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. ठाण्यातसुद्धा त्यानं माहीत नाही एवढंच सांगितलं. तुला मारलं, पण तुझं नाव दिलं नाही.

आता जुनं ऐक. तुझ्या आजोबांनी ती बंदूक देगलूरकडच्या शेतात रानडुकरांसाठी घेतली. डुक्कर एकही पडलं नाही. आवाज ऐकून डुकरं पळायची आणि आपला बैलही पळायचा. शेत गेलं, आम्ही हैदराबादला आलो, आजोबा अफझलगंजच्या आडतीवर कामाला लागले, बंदूक सोबत आली. दर खंडेनवमीला मी ती पुसायची, तेल द्यायची. ते नळी, लाकडी दस्ता वेगळा करून द्यायचे, मी पाटावर मांडायची. हळदकुंकू, झेंडू, नारळ. बाकीच्या घरात विळी-कोयता असतो पाटावर, आपल्याकडं ही बया मधोमध. अक्षर आलं नाही मला, पण त्या बंदुकीचा खिळा न् खिळा माझ्या बोटांना ठाऊक आहे.

आजोबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा. त्यांचा तेरावासुद्धा झाला नव्हता, लोक येऊन सांगायला लागले, लायसनवाला मेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, ठाण्यात द्या. नवरा घाटावर, बंदूक ठाण्यात, आणि घरात मी. तुझ्या बापाच्या नावावर लायसन व्हायला दीड वर्ष लागलं. वारसाचे कागद, शेजाऱ्यांचे जबाब, डॉक्टरचा दाखला. मग पुढं प्रत्येक लायसनला कॉम्प्युटरातला आकडा घ्यायचा हुकूम आला, मुदतीत घेतला नाही तर लायसन फुकट. तुझा बाप एकही तारीख चुकला नाही. ती वही तो तुझ्या जन्मदाखल्याजवळ ठेवायचा.

त्या दीड वर्षात एक खंडेनवमी बंदुकीशिवाय गेली. पाट रिकामा राहिला. दिवाळीच्या आत तुझ्या बापाचा स्कूटरवरून पाय मोडला. तुम्ही हसाल. हसा. मी मात्र मनात गाठ मारली की पाट पुन्हा रिकामा ठेवायचा नाही.

हर्षा, यापुढं एक सांगायचं आहे.

सुजाता, थांब जरा. पेन खाली ठेव. नको, ते राहू दे. म्हटलेलं सगळं उतरवायचं नसतं गं. हेही लिहिलंस?

बघ बाबा, अशी गत. ज्याला अक्षर येतं तो दार लावून मनातलं लिहितो. मला चूक कबूल करायची तरी दुसऱ्याचा हात लागतो.

आजी


१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

हर्षा,

सुजाता संध्याकाळच्या बसनं लातूरला माहेरी निघाली आहे, म्हणून घाईत.

आज पाट मांडला. विळी, कात्री, मीनाचं शिलाई मशीन, तुझ्या शाळेचा कंपास. तुझा बाप आंघोळ करून आला, कोपऱ्यातली फाटकावरची काठी घेतली, ओल्या फडक्यानं पुसली आणि पाटावर मधोमध ठेवली. मला म्हणाला, हिलाच लाव आता.

मी कुंकू लावलं. काठीला नाही लागलं, पाटावर सांडलं.

वड्या आल्या नाहीत. पत्ता विसरलास का नाव?

आजी


५ ऑक्टोबर २०२५, रविवार

हर्षा,

अक्षर बघितलंस? सुजाताचं नाही. ती अजून माहेरी आहे. ओळखलं नसलंस तर तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच्या सह्या आठव.

तुझा बाप लिहितोय. आज त्याची सुट्टी. सकाळी त्याला म्हटलं, एक पत्र लिहून दे. म्हणाला, कोणाला? म्हटलं, तुझ्या लेकाला. म्हणाला, मी त्याला लिहिणार नाही. म्हटलं, तू कुठं लिहितोयस, मी सांगते ते उतरव. पगारी माणूस समज. मी म्हणेन ते सगळं उतरवायचं, मधे थांबायचं नाही, मधे विचारायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मान खाली घालून बसलाय. डोक्यावर टक्कल पडतंय त्याच्या, तू गेल्यापासून वाढलंय.

लिही हिम्मत. हे आधी तुला सांगतेय.

सर्वपित्रीच्या सकाळी, तू बंदूक ठाण्यात न्यायच्या आधी, मी तुला म्हटलं होतं, नवमीपर्यंत थांब. तू म्हणालास, आई, मुदत आज आहे. बरोबर म्हणालास. तू आंघोळीला गेलास. बंदूक खोळीत होती, डबा कपाटावर होता. मी स्टूल घेतलं. डबा उघडला. दहा लाल नळकांडी, पितळी बुडाची. मला वाटलं, बंदूक जाते तर जाऊ दे, तिची दोन पिल्लं घरात राहू देत, पाट रिकामा राहायचा नाही. नवमी झाली की परत डब्यात घालीन. वहीत आकडा असतो, ठाण्यात उघडून मोजतात, हे मला कोण सांगणार? मी दोन काढली आणि देवघराच्या खालच्या खणात, वातीच्या डब्यात, कापसाखाली ठेवली.

काडतुसं मी घेतली, हर्षा. तू नाहीस.

(हे मला आत्ता कळतंय. तुझे बाबा.)

तू उठू नको हिम्मत. उतरव म्हटलं ना.

तुझा बाप उभ्यानंच लिहितोय. चहा पिऊन येतो म्हणतोय. चहा केलेलाच नाही घरात.

त्याच दिवशी, दुपारी

तो गच्चीवर होता. मीना वर गेली, ती पण खाली आली नाही बराच वेळ. मग तो आला, हातपाय धुतले, पेन घेतलं आणि म्हणाला, पुढं सांग.

पुढं हे, की तो ठाण्यातून आला आणि तुझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. माझे हात मातीत होते, तोंड मोकळं होतं. तो म्हणाला, मग काय आजीनं घेतली? आणि ते इतकं हसण्यासारखं होतं त्याला, की मी त्या हसण्यामागं लपले. ज्या म्हातारीला नोटसुद्धा रंगावरूनच ओळखता येते, ती काडतूस काय घेणार? आयुष्यभर मला अडाणी म्हटलेलं खुपलं, त्या दिवशी ते पांघरूण झालं.

रात्री सांगीन म्हटलं. मग गल्लीत कोणीतरी म्हणालं, बिगर लायसन एक काडतूस सापडलं तरी जेल आहे. मी घाबरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई जेलच्या भाकरीला घाबरली. सकाळी सांगीन म्हटलं. सकाळी ठाण्यातून माणूस आला. नवमीला सांगीन. नवमीला मी ती दोन पाटावर मांडलीसुद्धा नाहीत, कोणी बघेल म्हणून. ज्याच्यासाठी चोरली तेही झालं नाही. पाट रिकामाच राहिला. दिवाळीला तू बॅग घेऊन गेलास आणि मग सांगण्यात जीव राहिला नाही असं मी स्वतःला समजावलं.

दोन वर्षं रोज सकाळी त्याच डब्यातून वात काढली. कापूस कमी झाला की वरून भरला. देवासमोर रोज दिवा लावला, आणि एकदाही त्याच्याकडं नीट बघितलं नाही.

तुझ्या बापानं एकच विचारलं. म्हणाला, आहेत अजून?

मी डबा दिला. त्यानं कापूस बाजूला केला, दोन्ही हातात घेऊन बघितली, सवयीनं बुडावरचा आकडा वाचला. मग म्हणाला, आई, उद्या मी एकटा जातो, कपाटामागं पडली होती, आवरताना सापडली म्हणून सांगतो. तुझं नाव कशाला?

मी म्हटलं, कपाटामागं पडली होती असं सांगितलंस तर तू सुटशील. मीही सुटीन. गल्लीला काय कळेल? म्हणतील, पोरानंच टाकली असतील. तुझा हात ज्या गालावर पडला, तो एकटाच गाल या घरात काळा राहील. नाव लागू दे.

त्यानं काडतुसं रुमालात बांधली आणि पेन घेतलं. हे सगळं लिहिलं त्यानं, बघतेय मी, हात चालतोय.

७ ऑक्टोबर

काल ठाण्यात गेलो. मी नवी नऊवारी नेसले, तुझा बाप म्हणाला लग्नाला निघालीस का. रिक्षात त्यानं माझा हात धरला होता, ती काडतुसं दुसऱ्या हातात, रुमालात.

साहेब तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. अम्मा, असं कायकू केलं, म्हणाला. मी म्हटलं, देवासाठी. म्हणाला, मग देवाला लायसन घ्यायला सांगायचं होतं. मला हसू आलं, तुझ्या बापाला नाही आलं. माझा जबाब तेलुगूत लिहून घेतला, वाचून दाखवला, दक्खनीत समजावून सांगितला. मी अंगठा दिला. काडतुसं मोजून ठेवून घेतली. दोन. त्याची पावती तुझ्या बापानं वहीत ठेवली आहे.

माझ्यावर केस होईल का विचारलं, तर वर पाठवतो म्हणाला, वय बघून ठरवतील. होईल किंवा होणार नाही. तुझ्या बापाला तेराला जायचं आहे. पावती घेऊन जाईल. लायसन मिळेलच असं नाही. दोन वर्षं खोटा ठरलेला माणूस एका कागदानं किती खरा होतो ते मला माहीत नाही. मिळालं तरी त्या दुकानानं दुसरा गार्ड ठेवला आहे, तरणा आहे, तुझ्या बापाला नमस्कार करतो म्हणे.

परत आल्यावर मी फाटकाशी उभी राहिले आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगितलं. जिथं तुला मारलं तिथंच. भाग्यलक्ष्मी पाणी भरायची थांबली, तिची बादली भरून वाहायला लागली. तुझा बाप आत गेला नाही. माझ्यामागं उभा राहिला, मान खाली. मी सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, माझं पोरगं खरं बोलत होतं. इतक्या हळू म्हणाला की भाग्यलक्ष्मीनं विचारलं, काय म्हणाले? मग त्याला ते दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणावं लागलं.

तू ऐकायला हवं होतंस. ऐकायला तू इथं नाहीस, ते माझ्यामुळं. माफी मागायची पद्धत मला माहीत नाही, नातवाची आजीनं मागितलेली मी कुठं बघितली नाही. तुझी दोन वर्षं मी वातीच्या डब्यात ठेवली. परत देता येत नाहीत. काडतुसं देता आली.

इथं माझं सांगून झालं, तरी हा लिहितोच आहे. बराच वेळ झाला. विचारलं, काय लिहितोस रे? म्हणाला, पत्ता. एवढा लांब पत्ता कुठल्या गावाचा असतो? मी वाचू शकत नाही म्हणून काहीही सांगतात मला. तू अडखळत का होईना, वाच.

श्रीखंडाच्या वड्या राहू देत. बाकरवडी पाठव, चांगले दोन डबे. मला चावत नाही हे मला ठाऊक आहे. डब्यावर नाव हिम्मतरावाचं घाल, आणि ते दुकानदाराकडून लिहून घेऊ नको, तुझ्या हातानं लिही.

आजी